कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

२ मार्च १९८२, मंगळवार

आज चार वाजता, हॉवर्डच्या मावशीच्या घरी, सगळं बदललं. तिच्याकडे व्हिडिओ मशीन आहे म्हणून आमच्या बँडच्या गाण्याची फिल्म तिथे पाहिली. हॉवर्ड गातो, थेट कॅमेऱ्यात बघतो. मी मागे सिंथेसायझरवर. आणि प्रत्येक वेळी मी बघतोय ते कॅमेऱ्याच्या डावीकडे. अकरा वेळा! मोजलं.

तिथे लॉर्ना उभी होती.

शूटिंग झालं त्या बंद पडलेल्या चाकू-कारखान्यात तिचं काम एवढंच — दाराशी टेबलावर टेप होती, दिग्दर्शकाने हात वर केला की बटण दाबायचं. गाणं वाजलं की आम्ही वाजवल्याचं नाटक करायचं.

लॉर्ना हॉवर्डची. नाताळात अंगठी दिली त्याने. मावशी माझ्याबद्दल म्हणाली, "नेव्हिल छान दिसतो, पण हरवल्यासारखा." कुणाच्या लक्षात आलं नाही. अजून तरी.

३ मार्च

शनिवारी सकाळी मुलांच्या कार्यक्रमात आमची मुलाखत. थेट प्रक्षेपण. फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार, मध्येच थांबवून प्रश्न विचारणार. थांबवून!

बाबा म्हणाले, "इंजिनिअर व्हायचं सोडून विजेची पेटी बडवतोय, आता टीव्हीवर बडवेल." मी ताटातल्या बीन्स तशाच टाकून उठलो. आई म्हणाली, "अरे, निदान टोस्ट तरी ने."

५ मार्च

हॉवर्डला म्हटलं, मी येत नाही, ताप आहे. त्याने कपाळाला हात लावला. "बर्फासारखा गार आहेस लेका. भित्रा कुठला." भित्रा म्हणाला! मग जाणारच.

६ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

निवेदिका गोड बोलत होती. हॉवर्ड रंगात आलेला — "हल्ली गाणं आधी डोळ्यांनी ऐकतात. चेहरा आवडला की मग सूर." ती म्हणाली, "म्हणजे आवाज नसला तरी चालेल?" तो म्हणाला, "माझं चाललंय की." सगळे हसले. मला वाटलं, सुटलो.

मग मुलांचे फोन. हल शहरातून एक मुलगी, वय सात. "तो पेटीवाला आमच्याकडे का बघत नाही?"

निवेदिकेने चित्र थांबवलं. मी, भिंतीएवढा, डावीकडे बघणारा. म्हणालो, "टेप लावणारी तिकडे होती. टेप सुरू व्हायची वाट बघत होतो."

पोरगी म्हणाली, "पण गाणं तर सुरूच होतं."

अख्खा स्टुडिओ हसला. हॉवर्डही हसला, नुसत्या दातांनी.

परतताना व्हॅन हॉवर्ड चालवत होता. लॉर्ना पुढे, त्याच्या शेजारी. मग हॉवर्ड म्हणाला, "टेप दाराशी होती. तू कॅमेऱ्यापाशी काय करत होतीस?"

"बघत होते."

"काय?"

"फाटा चुकेल. रस्त्याकडे बघ."

तिला असं उलटतपासणीला घेतलेलं मला सहन झालं नाही. ओरडलो — "तिला काय विचारतोस? मला विचार! तिचा काय दोष?" लॉर्नाने वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने, की कशाने, कळलं नाही. हॉवर्डने पेट्रोल पंपावर गाडी थांबवली. मी उतरलो, दार आपटलं. लिफ्ट मागत, दोन ट्रक बदलून घरी आलो.

तिचं वाटोळं केलं मी. बँडचंही. कॉलेज तर आधीच गेलं.

७ मार्च, रविवार सकाळ

टेप दाराशी होती.

दाराशी! कॅमेरा पार दुसऱ्या टोकाला, सगळ्या तारा ओलांडून. बटण दाबलं की तिचं काम संपलं. तरी दर वेळी ती चालत तिथवर आली. अकरा वेळा. हॉवर्डला काल कळलं, त्या पोरीला फोनवरून निम्मं कळलं, आणि मी गाढव तिची बाजू घेऊन भांडत बसलो.

आता बाबा खिडकीतून बघून सांगतायत, "ती हॉवर्डची पोरगी समोर स्टॉपवर उभी आहे. दोन बस गेल्या, चढली नाही."

कोट कुठे आहे? राहू दे कोट. जातो. दार हळू लावायचं, या वेळी आपटायचं नाही.