डोंगरावरची खळ

तीर्थरूप मामा, तुम्हाला वाकून नमस्कार. मामींच्या गुडघ्याचीही विचारपूस केली म्हणून सांगावं. तो आता वाकतो का, ते कळवावे. मी ठीक आहे. (पूर्ण ठीक नाही, पण पत्राच्या पहिल्याच ओळीत तसं लिहू नये.)

आमच्या मालकांच्या भाचीचं स्थळ तुम्ही माझ्यासाठी सुचवलंत. त्यावर मालक म्हणाले, खोलीत समोरासमोर बसून दोघं नुसती घामाघूम व्हाल, त्यापेक्षा सगळे मिळून डोंगर चढू. म्हणून बाइंडिंगच्या दुकानातले आम्ही चौघं आणि त्या असे निघालो. (त्या दवाखान्यात नर्स आहेत. मी त्यांना अहो-जाहो करतो, त्याही मला करतात.) पाण्याचं काम मी होऊन मागून घेतलं. डोंगर चढण्यावरचं एक पुस्तक नुकतंच आमच्याकडे बांधणीला आलं होतं आणि त्यातलं पाण्याचं प्रकरण मी शिवता शिवता दोनदा वाचलं होतं. शाळा आठवीत सुटली असली तरी छापलेलं मी अर्धवट सोडत नाही. तेव्हा सगळ्यांना बजावलं, एकेकच बाटली घ्या, ओझं कशाला, वर झरा आहे, पुढचं माझ्यावर सोडा.

सगळ्यांनी सोडलं. माथ्याजवळ पोचेपर्यंत बाटल्या खडखडीत. झरा मात्र मी बरोबर शोधला. साचलेलं डबकं टाळलं, धारेच्या कडेने दोनशे पावलं वर जाऊन एखादं जनावर मरून पडलेलं नाही ना, ते पाहून आलो. (नव्हतं. एक बेडूक होता, जिवंत. तो उठून जाईपर्यंत थांबलो.) मग गाळायचं कापड काढलं. रुमालाला नाक पुसलेलं असतं, म्हणून दुकानातलं कोरं करकरीत बाइंडिंगचं कापड मोजून कापून आणलं होतं. त्यातून पाणी उतरेना, आणि उतरलं ते दुधाळ. पुन्हा गाळलं तर आणखी दुधाळ. शेवटी कापडावरही जंतू असतील म्हणून तेही पातेल्यात टाकलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उकळलं.

मामा, ते कापड ताठ राहावं म्हणून त्यात खळ भरलेली असते. रोज हाताळतो मी ते; डोंगरावर नेमकं तेवढंच आठवलं नाही. पातेलं निवलं तेव्हा आत बऱ्यापैकी खळ तयार होती. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आयोडीन आहे, थेंब टाकू का?" पुस्तकातही तसंच होतं, मी नाही कसं म्हणणार? थेंब पडले आणि पातेलं काळंनिळं झालं. कटिंग मशीनवाले काका (घसा कोरडा असूनही) ओरडले, "वा रे पठ्ठ्या! खळ झाली, शाई झाली, आता कागद तेवढा गाळ, इथेच पुस्तक काढू!" मालक ओठांवरून जीभ फिरवत नुसते बघत होते. त्या पाठमोऱ्या झाल्या. हसत होत्या की रडत, ते खांद्यांवरून कळेना.

जबाबदारी माझी होती. म्हणून भांडंभर निळं पाणी आधी मीच प्यायलो आणि म्हणालो, पंधरा मिनिटं माझ्याकडे बघत थांबा, मला काही झालं तर पिऊ नका. सगळे थांबले. मग मालकांच्या भाचीनेच पातेलं धुऊन झऱ्याचं पाणी नुसतं उकळलं आणि सगळे ते प्यायले. उतरताना माझ्याशी कोणी पाण्याबद्दल बोललं नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की मालकांचा नकार येण्याआधी आपणच आपला नकार कळवून टाकावा. दोन्हीकडची अब्रू राहील.

तुमचा भाचा

ता. क. : आज त्या आमच्या दुकानात आल्या होत्या. नर्सिंगचं जुनं पुस्तक बांधायला टाकलं. म्हणाल्या, "घाई नाही, पण न्यायला मीच येईन. आणि त्या दिवशी पंधरा मिनिटं तुमची नाडी धरून बसले होते ना, तो नुसता खळीतला स्टार्च आहे, काही होत नाही, हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं." (नाडीचं वर लिहिलं नाही. संकोच वाटला.)

आणखी एक : तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. पत्रात एकही खाडाखोड नाही, म्हणून फाडवत नाही. मालक रविवारी माझ्या खोलीवर पुढचं बोलायला येणार आहेत, त्याही येणार आहेत. मालकांनी विचारलं, "एकटा निभावशील ना?" मी म्हणालो, "त्यात काय!" मामा, शनिवारच्या पहिल्या गाडीने निघा.