तात्यांना फिकं दिसतं

गुरुवार, ८ जाने.

भाभींच्या साइटचं पहिलं पान झालं. भाभी माझ्या नव्या क्लायंट, सांगवीत त्यांची ऊसरोपांची रोपवाटिका. शेतकऱ्यानं मोबाइलवर यायचं, रोपं किती आणि कुठल्या तारखेला हवीत ते निवडायचं, टेम्पो दारात. सुरू हंगामातली ऊसलागण तोंडावर, म्हणून घाई. फोटो हलके करणाऱ्या एका फुकटच्या वेबपानानं आज अब्रू राखली. भाभींचा एकेक फोटो एवढा जड, की लासुर्ण्याच्या रेंजमध्ये उघडेपर्यंत रोपाला फुटवे येतील.

बारामतीचा गुरुवारचा बाजार म्हणून तात्या लासुर्ण्याहून मोटारसायकलवर आले. बाकीच्यांचे सासरे सुनेकडे चहाला येतात, माझे साइट तपासायला येतात. त्यांच्या तडा गेलेल्या फोनवर, आमच्या जळोचीच्या पायरीवर उन्हात बसून. तिथं चाललं की सगळ्या तालुक्यात चालतं, हा माझा नियम.

निकाल: "फिकं हाय."

म्हटलं, तात्या, रंगांचा फरक मोजणारं एक पान असतं, त्यानं हिरवी टिक दिलीय.

"त्या पानाला ऊस हाय का? मला हाय."

चारला चुळबुळ सुरू. अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं. स. म्हणाला, "आईशिवाय करमत नाही यांना." बापाला असं बोलतो हा. तात्या हसले आणि किक मारली.

शनि. १० जाने.

बुकमार्क आवरले. तीन वर्षं नुसते कोंबत होते, माळ्यावर सामान टाकतात तसे. ठेवले ते: फुकट देवनागरी फॉन्टचं पान (जोडाक्षरं तुटत नाहीत असे चारच आहेत, त्यावर माझं घर चालतं). एका रंगावरून बाकीचे चार सुचवणारं. नेट मुद्दाम हळू करून साइट दाखवणारं, जे पुण्याच्या क्लायंटला कधी कळत नाही नि इंदापूरच्याला सांगावं लागत नाही. कमजोर नजरेला पान कसं दिसेल ते दाखवणारं एक, कधी उघडलंच नाही, काढणार होते, राहू दिलं. पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, तिकडे काय करणार. हेच की, सगळं तर ब्राउझरमध्ये आहे.

बुध. १४ जाने.

संक्रांत, लासुर्ण्याला. साइट सोमवारी सुरू झाली आणि पहिलं बुकिंग तात्यांचं. स्वतःच्या अंगठ्यानं केलं. दुपारभर जो येईल त्याला तिळगूळ आणि ही बातमी. "तीस तारखेला रोपं दारात. सुनंनं केलंय." मला इकडे लाजही वाटत होती आणि मज्जाही.

आई रुसल्या. नवीकोरी काळी साडी, दोन महिने आधी आणून ठेवलेली. तात्या म्हणाले, "आज सणाला बी जुनंच काढलंस?" आईंनी नंतर गुळाची पोळी वाढली ती न बोलता. मी जाऊन फोटो काढला त्यांचा, तेव्हा जरा खुलल्या.

मंगळ. २० जाने.

घोळ. सकाळी आठला तात्यांचा फोन, "मनीषा, टेम्पो आलाय." म्हटलं कसला? रोपांचा. रानात अजून सऱ्या सोडलेल्या नाहीत आणि दारात ट्रे. "तुझ्या पानानं दगा दिला."

भाभींना फोन. त्या शांत, पण आवाज कोरडा. "बेटा, इथं वीसच तारीख नोंदलीय. बाकीच्यांच्या बी अशाच चुकल्या असतील तर माझं नाव जाईल."

जेवण गेलं नाही.

बुध. २१ जाने.

भाभी आणि मी मिळून बुकिंग केलेल्या एकेकाला फोन. सगळ्यांच्या तारखा बरोबर. चूक एकट्या तात्यांची. आधी हुश्श झालं, मग राग आला. लगेच फोन लावला नि फाडकन बोलले, "साइटचं काही चुकलेलं नाही. तुम्हीच तिसाच्या जागी वीस दाबलंय."

तात्या म्हणाले, "आसंल." आणि ठेवला.

तात्या आणि वाद न घालता फोन ठेवणार? तेव्हापासून चैन नाही. माझं तोंड हे असं आहे, आधी चालतं.

गुरु. २२ जाने.

बाजार, आणि तात्या आले नाहीत. लग्न होऊन तीन वर्षं झाली, असं पहिल्यांदाच. पायरीवर बसकर टाकून ठेवलं होतं मी.

दुपारी काही सुचेना म्हणून ते राहू दिलेलं कमजोर नजरेचं पान उघडलं. त्यात आपल्या पानाचा पत्ता नाहीतर एखादा फोटो टाकायचा, मग आजार निवडायचा. मोतीबिंदूवर बोट ठेवलं. भाभींचं हिरवंगार पान पिवळट झालं, धुरकट, जुन्या दुधाच्या पिशवीतून बघावं तसं. कमी-जास्त करायची पट्टी असते, ती सरकवत गेले. निम्म्याच्या पुढे २० आणि ३० एकच झाले. मान वाकडी करून पाहिली तरी ओळखू येईनात.

फिकं हाय. सहा महिने, माझ्या प्रत्येक साइटला, हेच. आणि मी त्यांना हिरवी टिक दाखवत होते.

चारची चुळबुळसुद्धा तीच. संध्याकाळी त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही की लाल पट्टी नाही, समोरून येणाऱ्याचा उजेड डोळ्यात. तिथून हा माणूस मोटारसायकल हाकत जायचा, आणि आम्ही हसायचो.

स. कामावरून आल्यावर दाखवलं. त्यानं पट्टी स्वतः सरकवून पाहिली. मग हात धुवायला गेला तो खूप वेळ आलाच नाही. मी रडून घेतलं. उगाच बोलले मी काल, फार वाईट बोलले.

रवि. २५ जाने.

लासुर्णे. ठरवून गेलो, आधी आईंना सांगायचं. त्या चुलीपाशी. त्यांचाच संक्रांतीचा फोटो त्या पानात टाकला होता. साडी नुसता एक काळपट डाग, चेहऱ्याला नाक-डोळे काही नाहीत.

"हे कोण?"

तुम्ही.

"आसं दिसतंय व्हय ह्यांना?" पदरानं स्क्रीन पुसली. पुन्हा पुसली. "आन् मी त्या दिवशी उगाच..."  भाकरी करपली, ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

जेवणं झाल्यावर तात्यांसमोर लॅपटॉप. मधे उभी रेघ, डावीकडे आपल्याला दिसतं तसं, उजवीकडे त्यांना दिसत असेल तसं. मला वाटलं होतं फरक बघितला की पटेल. भाषण पण तयार होतं.

"तात्या, डावी-उजवी बाजू बघा. काय फरक?"

लॅपटॉप जवळ घेतला, लांब धरला. बराच वेळ. स.नं रेघ इकडची तिकडे केली.

"दोनी सारकंच हाय की."

 माझं भाषण तिथंच राहिलं. एवढी साधी गोष्ट मला घरून निघताना कळू नये? मग तात्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आईंकडे जास्त. उठले आणि लिंबाखाली ठेवलेल्या ट्रेंना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलेलं होतं.

येताना मी गाडीत बसता बसता म्हटलं, तात्या, परवा फोनवर मी चुकले. म्हणाले, "साइट बराबर हाय तुझी." एवढंच.

सोम. २६ जाने.

तात्यांचा स्वतःहून फोन. झेंडावंदनाचं बोलले, हरभऱ्याचं बोलले, मग आले मुद्द्यावर. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. खूप वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन केलं, आत पू झाला आणि डोळा गेला; दुसरा आधीच गेलेला. "पट्टी सोडली तवा मी म्होरं व्हतो. ते इचारायलं, दिवा लावा की रं. दुपार व्हती, मनीषा."

 आता मशिनी बदलल्यात वगैरे म्हणणार होते, नाही म्हटलं. तात्यांना सगळं माहीत होतं तर. दिसत नव्हतं हेही माहीत होतं. घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला मी टिक दाखवत होते.

शेवटी म्हणाले, "डाक्टरची तारीख तू निवड. मला तारखा निवडाय येत न्हाईत, बघितलंस नव्हं."

शुक्र. ३० जाने.

सऱ्या झाल्या, रोपं लागली. दहा दिवस आईंनी जगवली म्हणून.

दुपारी बारामतीत डोळ्याचे डॉक्टर. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा फार पिकलेला. आधी उजवा करू. पण मागचा पडदा कसा आहे ते त्या पिकलेल्यातून कळत नाही, पडदा चांगला असेल तर नजर येईल, नसेल तर फारशी नाही. काढल्यावरच समजेल.

तात्या म्हणाले, "तुमाला बी न्हाय दिसत व्हय?" डॉक्टर हसले. तात्या हसत नव्हते.

मोटारसायकलची किल्ली स.नं घेतली. तात्यांनी दिली, पण नंतर दोनदा खिसा चाचपला.

सोम. २ फेब्रु.

भाभींच्या पानावर तारीख आता मोठी, काळी, खाली अक्षरी आणि वार. "तीस, शुक्रवार." बुकिंग पाठवण्याआधी पान एकदा विचारतं, हीच ना? भाभींना का ते सांगितलं. म्हणाल्या, "आमच्या अब्बांचं बी बघाय पायजे मग." त्यांच्यासाठी ते कमजोर नजरेचं पान पाठवलं. मोजणारी पानं राहतील, पण आधी तात्यांना विचारायचं आणि ते म्हणतील ते ऐकायचं.

आई मुक्कामाला आल्यात. पिशवीत तांब्या, दोन टॉवेल, देवाचा अंगारा. तात्या जेवले नाहीत धड.

गुरु. ५ फेब्रु.

काल ऑपरेशन. वीस मिनिटं. आज सकाळी पट्टी काढणार, बाकावर बसून लिहितेय. पुढे तीन नंबर आहेत. स. फॉर्म भरतोय. आई जप करतायत, मणी पुढे सरकत नाहीयेत.

तात्या एका डोळ्यानं भिंतीकडे बघत बसलेत. मघाशी एकदम म्हणाले, "पट्टी काढताना तू म्होरं ऱ्हा."

म्हटलं, समोर आई असू द्यात की.

"तिचं तोंड मला पाठ हाय. डोळं न्हाय आलं तरी जाणार न्हाय ते." मग म्हणाले, "तू घरात आलीस तवाच धुकं व्हतं. तुला मी नीट बघितलीच न्हाय अजून."

तीन वर्षं. दर गुरुवारी पायरीवर, हातभर अंतरावर बसत होते मी.

आईंनी माझी टिकली सरळ केली. 

दोन नंबर राहिले.  नाही दिसलं तर काय बोलायचं ते ठरवत होते, सोडून दिलं.

नाव पुकारलं, आधीच. वही आईंच्या पिशवीत टाकते.