वाचला की गायब

१२ नोव्हेंबर, वडसा
आली बापा एकदाची! भद्रावतीहून एसटीनं पार कंबर मोडली, पण नाटक मंडळीच्या बोर्डावर हिरोईन म्हणून माझं नाव, रिना, हे एवढं मोठं! हिरो लोकेश. पाठांतराच्या नावानं बोंब. विंगेतून सुकलूभाऊ प्रॉम्टिंग करतात, हा कानावर पडलं ते माईकवर ठोकून देतो. तरी पब्लिक टाळ्या वाजवते! माझ्याआधीची हिरोईन खुशबू, मागच्या सीझनले वैनगंगेत जीव दिला म्हणे तिनं. काऊन दिला, ते कोणी सांगत नाई.

२ डिसेंबर
मुडदा बशिवला त्या लोकेशचा! माझा कपडे बदलतानाचा व्हिडिओ त्यानं चोरून काढला अन् मलेच पाठवला. लॉजवर ये, नाई तर गावभर करतो म्हणे. एकदा पाहिला की व्हिडिओ गायब, वाचला की मेसेज गायब. मालकाले सांगितलं तर म्हणाले, दाखव. काय दाखवू, कपाळ? मेकअपवाल्या सोनीबाई हळूच म्हणाल्या की खुशबूलेही असेच मेसेज यायचे, अन् मालकानं तिलेही हेच म्हटलं होतं. अंगाची नुसती आग होऊन राह्यली.

९ डिसेंबर
प्रयोगात मधातच सुकलूभाऊले खोकल्याची उबळ आली, ते उठून गेले. विंग रिकामी. तरी प्रॉम्टिंग चालूच — बाईच्या आवाजात. लोकेश सवयीनं बोलून गेला, "लॉजवर ये खुशबू, नाई तर तुझ्या बापाले व्हिडिओ पाठवतो." माईकवर! पब्लिकले वाटलं नाटकच आहे. त्याचं तोंड पांढरंफटक. मी मनात म्हटलं, बोल मेल्या, अजून बोल.

१० डिसेंबर
आजही तेच. गायब झालेला एकेक मेसेज त्याच्याच तोंडून — तोंड दाबतो तरी बोलतो. आज टाळ्या नाई. शेवटचा मेसेज, "मर मग, नदी जवळच आहे" —

११ डिसेंबर, नदीकाठचं गाव
प्रयोग बंद पडला. लोकेश माझ्या रावटीच्या दाराशी. रडून राह्यला. खुशबू चाल म्हणते, पाय ऐकत नाई, धर मले म्हणतो —
नाई धरलं. माझा व्हिडिओ असलेला फोन त्याच्याच खिशात होता. बुडू दे.
पाण्याचा आवाज आला. मग काहीच नाई.
प्रॉम्टिंग थांबलं नाई — आता माझ्या कानात — मालक बाकी राह्यला म्हणते — रिना, तुझी एंट्री —
मी नाई म्हणून राह्यली, पण पाय —