फणसाखालचे सात पंप

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. मुरबाड

पोहोचले एकदाची. कल्याणहून एसटीत खिडकीची जागा मिळाली, त्यामुळे पोटाची तक्रार नाही. दोन्ही बाजूंनी भात पिवळं पडलंय. सांगली सोडताना आई म्हणाली होती, मनू, जंगलात चाललीस. कसलं जंगल! खोलीच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे.

कंपनी औद्योगिक वसाहतीत आहे. बाहेरून पत्र्याची शेड, आत मात्र दवाखान्यासारखी पांढरी. अनिल सर म्हणजे आमचे प्रमुख. त्यांनी स्वतः सगळं फिरवून दाखवलं. आम्ही अंगावर लावायचा इन्सुलिनचा पंप बनवतो. आगपेटीएवढी डबी, तिच्यात औषधाची पिशवी, बटणासारखा सेल आणि नखाएवढी मोटर. डबी पोटावर चिकटवायची. तिची मऊ नळी सहा मिलिमीटर कातडीखाली जाते आणि दर तीन मिनिटांनी मोटर टक् करून औषधाचा एक थेंबुकला आत ढकलते. तीन दिवसांनी ती डबी टाकायची, नवी लावायची. मोटरचं दातेरी चाक एकाच बाजूला फिरतं. ती ढकलते, ओढू शकत नाही. त्या चाकाचंच काम माझ्याकडे आहे.

इथे एक रीत आहे. जो पंप बनवतो त्याने तो स्वतः घालायचा, औषधाऐवजी मिठाचं पाणी भरून. माझ्या पोटावर डावीकडे आजच चिकटवला. मला किळस फार लवकर येते. दुधावरची साय बोटाला लागली तरी मी अर्धा तास हात धुते, घरात त्यावरून अजून चिडवतात. पण हा पंप कोरडा, गुळगुळीत आहे. टक् झालं की गंमत वाटते.

९ ऑक्टोबर, बुधवार

कामातली खोच आज कळली. टोकावड्याच्या आत एका गावात चौदा जणांना जूनपासून आमचे पंप लावलेत. वापरलेले पंप परत येऊन माझ्या टेबलावर उघडले जायला हवेत, म्हणजे चाक किती झिजलं, नळीत काय अडकलं ते कळेल. चार महिन्यांत एकही परत आलेला नाही. अनिल सरांनी हसत सांगितलं, की महिनाअखेर या पंपांचा अहवाल दिलात तर तुमची जागा पक्की, नाहीतर बघू. ते हसू मला आवडलं नाही.

भिमी ही तिथली आरोग्यसेविका, तिच्याबरोबर जीपने गेले. धोंडूबाईंच्या घरी बसलो. सत्तरीच्या आहेत, भाताच्या राशीएवढ्या ऐसपैस आणि तोंडाने फटकळ. रक्तातली साखर चार महिन्यांत छान आटोक्यात आली आहे. वापरलेले पंप कुठे आहेत विचारलं तर त्यांनी परसातला फणस दाखवला. अंगातून निघालेलं उकिरड्यावर टाकायचं नसतं, बाळंतिणीची वार पुरतात तसं हेही पुरायचं, असं त्यांनी मला पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. सगळं गाव तेच करतं. प्रत्येक डबीला ओंजळभर माती आणि वर एक दगड.

मी म्हटलं, काढून द्याल का? त्यांचं हसू गेलं.

"नाय गो. अंगाला लागलंय ते, अंग मागतंय. मातीत घातलं की निजतं."

भिमीने वाटेत मला बजावलं, की या गोष्टीला हात घालू नका. मी हो म्हटलं. प्लॅस्टिक म्हणे अंग मागतं! हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

केलं. लिहायला लाज वाटते, पण केलं. भिमीला न सांगता एकटीच गेले. कापणी चाललीय, गाव शेतावर होतं. धोंडूबाईंच्या परसात पडलेलं खुरपं घेतलं आणि पुढच्या रांगेतले सात दगड उचलले. सात पंप पिशवीत घातले, माती सारखी केली आणि टोकावड्याला येऊन पहिली एसटी पकडली.

माणसं एवढी जीव लावून काही पुरतात आणि आपण कोंबडी चोरल्यासारखं पळतो. पण नोकरी हवी आहे. पिशवी मांडीवर होती. ती कोमट लागत होती. उन्हामुळे असेल.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी यंत्रांची पूजा झाली. माझ्या टेबलावरच्या सातही पंपांना कुणीतरी हळदकुंकू वाहून झेंडू ठेवला. सगळे लवकर घरी गेले, मी थांबले.

आधी एका पंपाची चिकटपट्टी पाहिली. तिला मातीबरोबर कातडीचा पापुद्रा होता, त्यात पांढरे केस. महिनोन् महिने पुरलेला पापुद्रा कुजायला हवा होता. तो ओला आणि गुलाबी होता.

आणि पिशव्या. वापरलेल्या पंपात जेमतेम थेंबभर औषध उरतं. या सातही पिशव्या गच्च भरलेल्या होत्या. आत दाट, पिवळट काहीतरी, नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकासारखं. पाणी झिरपलं असेल असं स्वतःला समजावून मी एक पंप पकडीत धरला आणि करवतीने कापला. तो फुटला. सगळं माझ्या पोटावर उडालं, सदऱ्यातून आत गेलं. गरम होतं. वास आंबलेल्या दुधाचा आणि त्याखाली माणसाच्या काखेचा. मी बेसिनमध्ये दोनदा ओकले. परत आले तेव्हा टेबलावर चिकावर साय धरली होती.

उरलेल्या सहा पंपांतून आवाज येत होता. टक्. तीन मिनिटांनी पुन्हा टक्. सेल ऐंशी तास चालतो. डब्यांवरच्या तारखा बघितल्या, हे जुलैचे आहेत. मी सहाही सेल काढून बशीत ठेवले.

टक्.

१३ ऑक्टोबर, रविवार

तीन वेळा आंघोळ केली. डेटॉल, साबण, पुन्हा डेटॉल. वास जात नाही. झेरॉक्सवाला आज बोलताना मागे सरकून उभा राहिला.

दहा तारखेला लावलेला माझा दुसरा पंप आज बदलायचा होता, म्हणून काढायला गेले. पट्टीची कड नखाने उचलली तर कातडी तिच्याबरोबर तंबूसारखी वर आली. पट्टी आणि कातडी यांच्यातली फट सापडेना. नखाला ओलं लागलं, पिवळट. डबीच्या पारदर्शक खिडकीतून आतली पिशवी बघितली. मिठाचं पाणी संपायला हवं होतं. पिशवी अर्धी भरलीय. पाणी नाही.

हे चाक मागे फिरूच शकत नाही. ते माझंच चाक आहे, मला माहीत आहे. मग भरतंय कशातून? माझ्यातून.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अनिल सरांना दाखवायला गेले. त्यांनी रुमाल नाकाला लावला. चिकटपट्टीची ॲलर्जी दिसतेय, कल्याणला कातडीच्या डॉक्टरांकडे जा, अहवाल तेवढा टाकून जा, असं दाराकडे बघत म्हणाले. तुमच्या पोटावर पंप आहे का, मी विचारलं. त्यांनी तो कधीच घातला नव्हता.

कल्याणच्या डॉक्टरांनी सुरी लावली तेव्हा मी किंचाळले. डबीचं प्लॅस्टिक कापलं तर मला दुखतं. त्यांच्या सुरीला रक्त लागलं. प्लॅस्टिकचं. त्यांनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली आणि हातमोजे माझ्यासमोरच फेकले.

डबी आता मऊ लागते.

१६ ऑक्टोबर, बुधवार

भूक नाही. दूध, भात, काहीच बघवत नाही. पिशवी भरली की पट्टीच्या कडेने ओघळतं, सदरा छातीपासून खाली ताठ होतो. मीच माझ्या अंगाला हात लावत नाही. कूस बदलली तरी पोटातून चुळबुळ ऐकू येते. नळी सहा मिलिमीटरची होती. बेंबीच्या पलीकडे दाबलं तर तिथेही लागते.

टक् झालं की मी खोलीवर आणून ठेवलेले— ते सहाही पंप टक् करतात. एकदम. माझ्याबरोबर.

उद्या परत नेऊन देते. पाया पडते. काय वाटेल ते करते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. गावात

भिमी बरोबर आलीय. जीपमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

धोंडूबाई पडवीत पडल्या होत्या. अर्ध्या झाल्यात. शिव्या देतील वाटलं होतं. त्यांनी फक्त पदर सारला. पोटावर जुन्या पंपांचे चाळीस तरी वण, त्यातले सात उघडे, झिरपणारे. शुक्रवारपासून. मी चोरले त्या दिवसापासून.

सहा पंप आम्ही फणसाखाली घातले, माती, वर दगड. तासाभरात सहा वण कोरडे. माझ्या डोळ्यांसमोर. सातवा वाहतोय. सातवा मी कापला. सातव्याचं सगळं माझ्यावर उडालं होतं.

त्यांनी माझा सदरा वर करायला सांगितला. बघितलं, तोंड फिरवलं. मग मायेने म्हणाल्या, काढून घाल गो पोरी मातीत, दोघी सुटू.

निघत नाही, आई. निघत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

भिमीने ओल्या मातीचा गोळा पोटावर थापला. थांबलं! टक् नाही. तीन मिनिटं, सहा, नऊ. धोंडूबाईंचा वणही थांबला. रडले मी.

माती वाळली, पडली. टक्.

पुन्हा थापली. वाळते. पुन्हा—

भिमी टोकावड्याला गेलीय, इस्पितळात न्यायला जीप आणते. दीड तास. एवढा वेळ हे अंगावर— नाही. घाण. माझीच घाण.

सातव्या दगडाची जागा रिकामी आहे. तिथे पालथी पडले. पोटापुरता खळगा. शांत. श्वास घेतला की पोट उचलतं, टक्. जरा खोल हवं.

खुरपं चांगलं चालतं. माती गार.

धोंडूबाई ओरडतायत, उठ गो, उठ, असं नाय करायचं. खांदा धरून ओढतायत. त्यांच्यात ताकद नाही. त्यांचा वण सुकलाय, मी पाहिला. मग ओढता कशाला?

पाठीवर माती मीच ओढून घेतली. कमरेपर्यंत. आता खांद्यापर्यंत. वास नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कशालाच वास नाही.

टक् नाही.

लिहायला उजवा हात तेवढा वर ठेवलाय. पण हात बाहेर असला की पट्टीची कड उचलते, हवा लागते, म्हणून आता तोही—