तब्येतीत सुधारणा

भंडारा, १२ जानेवारी २०२६

ती. टिकारामभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण खुशबू सतत बाजूला असते आणि लेकीसमोर हे बोलवत नाही. शुक्रवारी शाळेच्या कवायतीत ती धाप लागून खाली बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. नऊ वर्षांच्या पोरीचं वजन शेहेचाळीस किलो, आणि साखर वाढू लागली आहे म्हणाले.

चूक आमचीच. ऑगस्टमध्ये शाळेच्या तपासणीच्या कार्डावर शेरा आला होता, तब्येतीत सुधारणा आवश्यक. आपल्याकडे पोरगी सुधरली म्हणजे अंगानं भरली. हे म्हणाले, शाळेले पोरगी बारीक वाटून राहिली, खाऊ घाल तिले. मायबापाला आपलं लेकरू बारीकच दिसतं. मी दुधात तूप घालू लागले. समोर फोन लावला की दोन पोळ्या जास्त जायच्या, म्हणून ताटाशी फोन ठेवला. आता तो उचलला की ताट ढकलते. फार हट्टी झाली आहे. काय करू ते कळव.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
रीता

---

आंधळगाव, १६ जानेवारी

चि. रीतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास गेला नाही. शेरा समजला नाही तर शाळेत जाऊन विचारायला कोणाचे पाय दुखत होते? कैलाशला आपल्या भांड्यांच्या दुकानातल्या पाण्याच्या पितळी गुंडाचं वजन नुसतं पाहून कळतं, लेकीचं कळलं नाही.

आणि पोरीला हट्टी म्हणू नकोस. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढच्या रविवारी, पंचवीसला मी येतो आणि तिला घेऊन जातो. इथल्या शाळेत नाव घालू. तुझी वहिनी तयार आहे. कपडे भरून ठेव.

राग आहेच, पण जीवही तुटतो, म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ,
टिकाराम

---

भंडारा, २१ जानेवारी

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी वाचलं. मला नेऊ नका. बाबा दुकानात असतात, मग आई एकटी राहील.

आम्ही दोघी सोबत जेवतो. आईच्या ताटाशी तिचा फोन असतो, माझ्या ताटाशी बाबांचा जुना. मी काही सांगितलं की आई फक्त हूं म्हणते. डॉक्टरांनी विचारलं, घरी जेवताना फोन कोण पाहते, तर मी सांगितलं की मीच पाहते. नाहीतर ते आईला रागावले असते. तुम्हीपण रागावू नका.

दोन दिवसांपासून मी डबा खात नाही, शाळेत वाटून टाकते. वजन कमी झालं तर तुम्ही नेणार नाही ना?

तुमची भाची,
खुशबू

---

(त्याच कागदाच्या मागे)

भाऊ,

पाकीट चिकटवताना हे वाचलं. डॉक्टरांसमोर ती खोटं बोलली तेव्हा मी शेजारीच होते, आणि गप्प राहिले. तुलाही अर्धंच लिहिलं. पोर दोन दिवस शाळेत उपाशी होती, हेही मला तिच्या पत्रातून कळलं. मला माझीच लाज वाटते.

संध्याकाळी दोन्ही फोन कपाटात ठेवले आणि तिच्यासमोर जेवायला बसले. नुसती तिच्याकडे पाहत राहिले. ती घाबरली. माझ्या कपाळाला हात लावून विचारू लागली, आई, तुले बरं नाही काय.

रविवारी जेवायला ये. कपडे मी भरलेले नाहीत.

रीता