कंबर चौतीस, कायम

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. घरातले कपडे आटताहेत आणि त्याची कुठेतरी नोंद हवी.
माझी कंबर चौतीस. लग्नात चौतीस, आज चौपन्नाव्या वर्षीही चौतीस. रेडिमेड कपड्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे मापाच्या बाबतीत माझ्याशी कोणी वाद घालत नाही. पँटी त्याच, लेबलं तीच, पण बटण लावायला आता श्वास रोखावा लागतो. बायको जाऊन आठ महिने झाले. ती असताना असं कधी झालं नव्हतं. संशय: पाणी. किंवा धुण्याची पावडर.

७ फेब्रुवारी
पावडर बदलली. फरक नाही.
लेकीचा फोन. लग्न एकवीस एप्रिलला नक्की झालं. आईने बेतलेला सूटच घालणार ना, असं दोनदा विचारलं. म्हटलं, हा काय प्रश्न झाला. बायकोने आजारपणात माझा कोट आणि पँट बेतून ठेवली होती, पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवसापर्यंत तेच काम. नुसती मशीन मारायची राहिली आहे. वरच्या कप्प्यात जुन्या चादरीत गुंडाळलेलं आहे. हिच्या हातचं शेवटचं. मी अजून उघडलं नाही. घाई काय आहे.

१२ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावर प्लस साइझचा नवा विभाग निघतोय, नाव ‘ऐसपैस’. मालकांनी तो माझ्याकडे दिला. कारण विचारलं तर म्हणाले, तुम्हाला बघून गिऱ्हाईक मोकळं होईल. सव्वीस वर्षांच्या गोड बोलण्याचं चीज झालं.
मला स्वतःला जाडीचा अनुभव नाही, पण सहानुभूती भरपूर आहे. ही जाडच होती. तिला कायम सांगायचो, गडद रंग घाल, उभ्या रेघा घाल. ती पिवळ्या मोठाल्या फुलांचं कापड आणायची, त्याचा घोळदार झगा शिवायची आणि भर रस्त्याने आरामात चालायची. मी चार पावलं पुढे असायचो.

१५ फेब्रुवारी
नव्या विभागासाठी मोठा पुतळा आला. डोकं नाही, पोट आहे. जिन्याजवळ उभा केलाय. दिवसभर पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. हुबेहूब माझा मेहुणा. हे काउंटरवरच्या सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी मेहुण्याला पाहिलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
ट्रायल रूमबाहेरच्या आरशात पुतळा चालत येताना दिसला. चौकड्यांचा शर्ट घालून. हँगर तिथेच टाकून खाली पळालो.
सकाळी ११. चौकड्यांचा शर्ट आज मी घातला आहे. पुतळ्याला निळा आहे. म्हणजे आरसा सदोष. मालकांकडे तक्रार केली. ते वर जाऊन बघून आले, म्हणाले आरसा ठीक आहे. त्यांना काय कळणार, ते मुळातच काडी.

२४ फेब्रुवारी
माझी नजर म्हणजे टेप. गिऱ्हाईक दारातून आलं की माप सांगून टाकतो. रीत सोपी आहे: माणूस माझ्याएवढा दिसला तर चौतीस, थोडा जास्त तर छत्तीस. आज सात जण आले. सातही जण मांडीवर अडकलेल्या पँटीत ट्रायल रूममधून हाका मारत होते. कंपन्यांचं कटिंग पार बिघडलंय. एक गृहस्थ म्हणाले, अहो मी चव्वेचाळीस घालतो. त्यांना समजावलं, स्वतःबद्दल असं वाईट बोलू नये. बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत बसले. विचारात पडले असावेत.

२ मार्च, रविवार
स्वतःसाठी चौतीसची नवी पँट आणली. आयुष्यात पहिल्यांदा मी आणली. ही आधी दुकानात आणि मग घरी बसून दुकानाचं अल्टरेशन करायची, तयार कपड्यांना लेबलं लावायची, त्यामुळे माझे कपडे तीच घेऊन यायची.
नवी पँट गुडघ्यावर येईना. जुनी चौतीसची हिच्या टेपने मोजली. चव्वेचाळीस. आत लेबल चौतीस, बाहेर टेप चव्वेचाळीस. टेपही आटली असणार. तीसुद्धा याच घरात असते.

५ मार्च
नवी टेप आणली. चव्वेचाळीस.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हे घर बरोबर नाही. दुपारी जेवायला आलो तेव्हा हिच्या मशीनचं चाक हळूहळू फिरत होतं. खिडकी उघडी होती. वाऱ्याने एवढं जड चाक फिरत नाही, पण फिरलं असेल. दारातूनच विचारलं, काय हवंय. मग शेजारचे ऐकतील म्हणून टीव्ही लावला.

६ मार्च
संकल्प: रोज सकाळी सहाला चालायला जाणे. कंबरेसाठी नाही, मनासाठी.

७ मार्च
पायात गोळे. शिवाय मनाला बरं आहे.

११ मार्च
सूट उघडला. चादरीला अजून हिच्या तेलाचा वास आहे.
मग सवयीने पँट मोजली. कंबर चव्वेचाळीस. कोटही त्याच हिशेबाने बेतलेला, दोन माणसं मावतील एवढा. एवढी कसलेली बाई, जिने उभ्या आयुष्यात कधी कात्री चुकवली नाही, शेवटी शेवटी तिला नवऱ्याचं मापसुद्धा आठवलं नाही. औषधांनी डोकं काम करत नसेल. हात थरथरत असतील. आणि मी बाजूच्या खोलीत मॅच बघत होतो.
हे कोणालाही कळता कामा नये. लेकीला तर नाहीच. आईचा शेवटचा सूट चुकला होता, हे तिने का ऐकावं.

१३ मार्च
दुकानातल्या अल्टरेशनच्या मावशींकडे सूट नेला. त्या आणि ही पंधरा वर्षं एका टेबलावर बसून काम करायच्या, म्हटलं त्या बोभाटा करणार नाहीत. सांगितलं, सगळं चौतीसला आणा. त्यांनी कापड मांडीवर घेतलं, बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, भाऊ, एकदा अंगावर चढवून बघा, मग बोलू. म्हटलं, चूक दिसतेय, घालून काय बघायचं. म्हणाल्या, याला मी कात्री लावणार नाही. पुन्हा मशीनवर वाकल्या. वयोमानाने माणसं हट्टी होतात.

१६ मार्च, रविवार, सकाळ
स्वतःच बसलो. तरुणपणी दोन वर्षं एका कटरच्या हाताखाली होतो, ते शिक्षण वाया गेलेलं नाही. खडूने खुणा केल्या. हिने शिवणीत चांगली तीन-तीन बोटं माया सोडली होती. चौतीसला एवढी काय करायची, तीही उडवली. दोन्ही बाजूंनी पट्टे निघाले. कात्री लावताना मशीनकडे पाठ करून बसलो होतो. एकदा कोणीतरी श्वास आत ओढल्यासारखं वाटलं. प्रेशर कुकर होता.
दुपारी नाक्यावरच्या टेलरकडे मशीन मारायला टाकला. आता कोणी नाव ठेवणार नाही हिला. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

३० मार्च, रविवार
मालकांनी आठवण करून दिली होती की घरी दुकानाच्या लेबलांची रिळं राहिली असतील तर आणून द्या. हिचा मशीनचा ड्रॉवर आज प्रथमच उघडला. बॉबिन, खडू, दाभण. मागे बामाची डबी. डबीत लेबलं, कापून काढलेली, उसवलेल्या टोकांना अजून दोरे. छत्तीस, छत्तीस, अडतीस, चाळीस. बेचाळीस बरीच. चव्वेचाळीस सगळ्यांत वर. आणि बाजूला चौतीसचं एक रीळ, संपत आलेलं.
कोणीतरी गिऱ्हाइकांना फसवत होतं. हिच्याकडून हे काम करून घेत होतं. मावशींना माहीत असेल.

३१ मार्च
मावशींना माहीत होतं.
डबी टेबलावर ठेवली तर त्यांनी मशीन थांबवली. म्हणाल्या, तुम्हाला आठवत नसेल. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तुमच्या मेहुण्याने पंगतीत सगळ्यांसमोर तुम्हाला ढोल म्हटलं. त्या आठवड्यात तुम्हाला छत्तीसची पँट लागली आणि तुम्ही चार दिवस अंथरुणातून उठला नाहीत. ताप आहे म्हणालात. ताप नव्हता. तेव्हा तिने माझ्याकडे एक लेबल मागितलं. एकच, म्हणाली, एवढी वेळ निघून जाऊ दे.
मग पुढची वेळ आली, मग त्याच्या पुढची. चोवीस वर्षं.
मी ताडकन म्हटलं, मला ताप होता. मावशी म्हणाल्या, बरं.
जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. मला थेट विचारायचंच होतं. म्हटलं, लेबल लावताना हसायची का ती. मी इथे सगळ्यांसमोर तिला उभ्या रेघा घाल म्हणायचो, तेव्हा तुम्ही दोघी मागाहून हसायचात का. मावशी म्हणाल्या, रेघांचं तुम्ही बोललात त्या दिवशी तुमचीच पँट होती तिच्या मांडीवर. हसली का ते कसं सांगू, मान खाली होती तिची.

१ एप्रिल
टेलरकडून सूट आला. सुबक शिवलाय. कोटात हात कोपरापर्यंत गेला. पँट मांडीपर्यंत.
ती चुकली नव्हती. तिला माझं माप इंचन्इंच माहीत होतं. वर पोट आणखी सुटेल म्हणून जास्तीचं कापडही ठेवून गेली होती. मी ते सगळं कापून काढलं आणि वर पोटभर जेवलो.

२ एप्रिल
कापलेले पट्टे कचऱ्यात शोधले. गाडी केव्हाच घेऊन गेली.

६ एप्रिल
कामात लक्ष नाही. नजरेने माप सांगणं बंद आहे, नजर म्हणजे काय होती ते कळलं. कपाट उघडलं की सगळ्या पँटींवर चौतीस, एका ओळीत. एकेका लेबलाचे टाके बघितले. एवढे बारीक की आतल्या बाजूनेसुद्धा दिसत नाहीत. माणूस चेष्टा करायला एवढे बारीक टाके घालेल का? घालेलही. ती कशातच कसर ठेवायची नाही.
घरात आता मी जपून वावरतो. कोणीतरी मशीनवर बसलंय, मान खाली आहे, आणि चेहरा दिसत नाही, असं सारखं वाटतं. समोर जाऊन बघायची हिंमत नाही. मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, समोर जायला जागाही नाही.

१४ एप्रिल
दुकान उघडायच्या आधी ‘ऐसपैस’मधून शेहेचाळीसचा सूट घेतला, चव्वेचाळीस आता आवळते, आणि दोन नंबरच्या ट्रायल रूममध्ये घातला. आरशाकडे पाठ केली होती, मग वळलो. आरसा ठीक आहे. पुतळ्याची क्षमा मागायला हवी, आणि मेहुण्याचीही, तो पुतळ्यापेक्षा बराच बारीक आहे.
स्टुलावर बसून बघितलं. बटण न काढता बसता आलं. कितीतरी महिन्यांनी पूर्ण श्वास घेतला. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

१८ एप्रिल
लेकीला खरं सांगायचं ठरवलं. वाक्यं तयार केली, तीनदा म्हणून बघितली. फोन लावला. सांगितलं, लाँड्रीवाल्याने हरवला.

२१ एप्रिल
लग्न. जो भेटेल तो म्हणत होता, किती बारीक झालात. मापाचे कपडे घातले तर एवढंच होतं. चार जणांना हे सांगायला तोंड उघडलं आणि चारही वेळा म्हणालो, हो, रोज चालतो.
फोटोच्या वेळी लेकीने माझी कॉलर सारखी केली आणि कानात म्हणाली, मावशींनी सांगितलंय मला. हात कॉलरवर तसाच ठेवला. फोटोत मी रडताना येणार.

२८ एप्रिल
कामावर रुजू. संकल्प: यापुढे फक्त टेप. प्रत्येकाला खरं माप तोंडावर सांगणे. जे आमच्या घरी झालं ते कोणाच्या घरी होऊ नये. माप म्हणजे काही शिवी नाही. हे वाक्य पाटीवर लिहून जिन्यात लावा, असं मालकांना सुचवलं. बघू म्हणाले.

२९ एप्रिल
संध्याकाळी पाचच्या सुमारास एक जोडपं आलं. गृहस्थ माझ्याच वयाचे, जिन्याने दमलेले. ‘ऐसपैस’च्या पाटीकडे न बघता म्हणाले, या मजल्यावर माझं काही काम नाही, पण बायको म्हणाली म्हणून आलो, माझी अडतीस. टेप लावली. चव्वेचाळीस. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, अडतीसच ना, आणि हसून पोट आत घेतलं. विचारताना माझ्याकडे बघत नव्हते.
त्यांच्या मागे बायको उभी होती. पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. तिने खूण केली नाही, मान हलवली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. संकल्प आठवला. वाक्यही आठवलं.
अडतीसच, म्हणालो. चव्वेचाळीसची आत दिली, लेबल आधी कात्रीने काढून. ते खुशीत बाहेर आले.
म्हणजे संकल्प एक दिवस टिकला.
पण त्यांची बायको पूर्ण वेळ माझ्या समोर होती, उजेडात, मान वर करून. मी नीट बघितलं. ती हसत नव्हती.