पडदा शाबूत आहे का

अप्पा,

आज सकाळी तिरुभुवनमहून एक विणकर लॅबमध्ये आला होता. रेशमी साड्या विणणारा, पस्तिशीचा माणूस, स्वतःचाच रिपोर्ट न्यायला आलेला. त्याच्या गालाच्या आतला तुकडा परवा मीच तपासला होता आणि रिपोर्टवर सहीही माझीच होती. लोक सहसा काउंटरवरून पाकीट घेऊन जातात. हा आत आला, बसला नाही, आणि तमिळमध्ये म्हणाला, "डॉक्टरम्मा, वरवर आहे की आत गेलंय?" मी खरं ते सांगितलं. आत गेलंय, ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका. तो थोडा वेळ पाकिटाची कड चुरगाळत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या घरच्या माणसाला असतं तर केलं असतंत?" मी म्हणाले, "केलं. वडिलांना होतं." "आता बरे आहेत ना?" मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते माझं मलाच कळलं नाही, पण त्याला हवं ते दिसलं. हसला आणि गेला. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली.

म्हणून हे लिहायला बसले आहे. ही देवनागरी अक्षरं तुम्हाला बोट ठेवून वाचावी लागायची. आपली घरातली, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडे राहिलेली मराठी तुम्ही तमिळ लिपीत लिहायचात, तुमचे वडीलही तशीच लिहायचे. माझी भाषा तर आता पुण्याची झाली आहे. डॉक्टरकी शिकायला गेले आणि पहिल्या सुट्टीत घरी येऊन "मला" म्हणाले, तेव्हा तुम्ही आईकडे बघून विचारलं होतंत, "हिचें 'मजला' कोठें गेलें? गाडींत राहिलें काय?" तिकडच्या शाळेत 'टिश्यू'ला 'ऊती' म्हणतात आणि तो विणण्यावरून आलेला शब्द आहे, हे मी सांगितलं तेव्हा मात्र तुम्ही खूश झालात. चाळीस वर्षं तुम्ही शाळेत विज्ञानाच्या तासाला तमिळ मुलांना 'तिसू' म्हणून शिकवत होतात, इंग्रजीचंच वळवून घेतलेलं. "आणि इकडें आपल्या शेजारीं जन्मभर माग चालतात," असं म्हणून तुम्ही तो शब्द दोन-तीनदा स्वतःशीच घोळवलात.

मी आठवीत असताना एका रविवारी तुम्ही मला सायकलवर बसवून तुमच्या शाळेत नेलंत. शाळा रिकामी आहे. प्रयोगशाळेत फॉर्मलिनचा वास आहे, बरण्यांत पांढरे पडलेले बेडूक आहेत. तुम्ही एक काडी घेता, स्वतःच्या गालाच्या आतून हलकेच खरवडता, काचेवर पुसता, निळ्या रंगाचा थेंब सोडता आणि मला स्टुलावर चढवता. घराबाहेर तुम्ही माझ्याशी मराठीत बोललात असा तो एकच दिवस मला आठवतो. "काय दिसतें?" मी म्हणते, फरशा. "बरोबर. ही आच्छादनाची जात. एकीला एक चिकटून बसते, मध्यें फट ठेवीत नाहीं." मग तुम्ही फळ्याकडे जाता आणि मी एकटी असूनही पूर्ण वर्गाला शिकवावं तसं शिकवता. फुप्फुसात हिचा एकच थर, कागदाहून पातळ, हवा आरपार जावी म्हणून. मूत्रपिंडाच्या नळ्यांत चौकोनी ठोकळे. आतड्यात उंच खांब, अन्नरस ओढून घेणारे. श्वासनळीत त्याच खांबांना बारीक केस, धूळ वर लोटणारे. आणि तोंडात, कातड्यात थरावर थर, कारण तिथे रोज घासणं आहे, भाजणं आहे. "झिजणें हेंच तिचें काम. पण एक ध्यानांत ठेव. हिला स्वतःचें रक्त नाहीं. एक शीर नाहीं. खालची पोसते तेव्हां ही जगते." आणि दोघींच्या मध्ये तुम्ही खडूने एक नागमोडी रेघ ओढता. "हा पडदा. वरचीनें वर राहावें, खालचीनें खालीं. हा फाटला कीं संपलें."

खालची म्हणजे कोण, हे मी तेव्हा नीट ऐकलं नसावं. नववीच्या सहामाहीत संयोजी ऊतींबद्दल, म्हणजे त्या खालचीबद्दलच, एकच ओळ लिहून आले, की ह्या शरीरातला भराव असतात. पेपर घरी आला. तुम्ही मला स्वयंपाकघरातून उठवून बाहेर उभं केलंत. "भराव? हाड भराव आहे? स्नायूला हाडाशीं बांधणारी दोरी भराव आहे? तुझ्या कानाची कूर्चा, आईच्या पोटावरची चरबी, हें सगळें भराव?" आई आतून म्हणाली, "पोरीला जेवूं द्या आधीं." "जेवेल. आधीं म्हणूं दे." मी रडत रडत म्हटलं सगळं. धरून ठेवणारी, बांधणारी, तोलणारी, साठवणारी, वाहून नेणारी. रक्तापाशी अडले. रक्त तर पातळ, ते कशाला काय जोडणार, असं मी हुंदके देत विचारलं तेव्हा तुमचा राग उतरला. "सगळ्यांकडून निघतें, सगळ्यांकडे जातें. आणखी कसें जोडावें बाळ?" असं म्हणून तुम्ही मला ताटावर बसवलंत आणि स्वतः पानाचा डबा उघडलात.

त्या डब्याबद्दल आता लिहायलाच हवं. कोवळं कुंभकोणम पान, चुना, सुपारीची खांडं आणि तंबाखूची चिमूट. शाळा सुटल्यावर पहिलं, जेवल्यावर दुसरं, निवृत्त झाल्यावर मग मोजदाद राहिली नाही. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षानंतर मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला तंबाखू सोडा म्हणाले. तुम्ही आधी हसलात. मी पुन्हा म्हणाले तेव्हा हसला नाहीत. "तूं मजला शिकवूं नको. मीं तुजला शिकविलें आहे." आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पुण्याला निघताना स्टेशनवरसुद्धा आईशीच बोललात. ते दोन दिवस मला पुढे फार महागात पडले, अप्पा. तुम्हालाही.

सात-आठ वर्षांनी, पोंगलच्या सुट्टीत, आपण तिघं स्वयंपाकघरात जेवत होतो. तुम्ही सुरुवातीलाच दहीभात मागितलात. रसम नको, तिखट लागतं म्हणालात. त्या रसममध्ये मिरं नावाला होतं. चकलीसारखा कडक मुरुक्कू बोटांनी चुरून त्याचा भुगा तोंडात टाकत होतात. आई म्हणाली, "दांत गेले ह्यांचे." दात जागेवर होते. मग तुम्ही जांभई दिलीत आणि तोंड अर्ध्यावर थांबलं. माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. तुमच्या जेमतेम दोन मावली असती. त्याच महिन्यात मी पुण्याला परीक्षेत ह्याचीच आकृती काढून आले होते. सुपारी खाणाऱ्यांच्या गालात, आच्छादनाच्या खालचं मऊ जाळं हळूहळू जाड होतं, दोरखंडासारखं कडक होतं, त्यातल्या रक्ताच्या शिरा आवळून टाकतं. वरची मग उपाशी राहते, पातळ होते, पांढरी पडते. त्यातल्या काहींचं पुढे काय होतं तेही मी लिहिलं होतं आणि मला चांगले गुण मिळाले होते. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं, ताक प्यायले, माझं ताट धुतलं. सत्तावीस वर्षांची डॉक्टर मुलगी, आणि भीती कसली, तर बाप दोन दिवस बोलणार नाही ह्याची.

जखम झाली तेव्हा मी कुंभकोणमला परत येऊन ह्याच लॅबमध्ये लागले होते. डाव्या गालात, आतल्या बाजूला, दोन महिने न भरलेली. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून आमच्याकडेच पाठवला. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "तू बघू नकोस, मी बघतो." ते जेवायला गेले तेव्हा मी बघितलं. शोधावं लागलं नाही. वरची जात पडदा फोडून खाली उतरली होती आणि त्या कडक गुलाबी दोरखंडांमध्ये तिची जांभळी बेटं पसरली होती, जिकडे बघावं तिकडे, काच सरकवत नेली तरी संपत नव्हती.

तुम्ही आठवड्यापूर्वीच मला बजावून ठेवलं होतंत. "पडदा फाटला असेल तर मजला कापूं नका. अर्धें तोंड घेऊन काय करूं? चाळीस वर्षें बोललों आहें, बोलत बोलत जाईन." मी घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात, अंगात इस्त्रीचा शर्ट, कुठे निघाल्यासारखे. आई दारात उभी. तुम्ही रिपोर्ट मागितला नाहीत. "शाबूत आहे कीं फाटला, इतकेंच सांग."

मी म्हणाले, "शाबूत आहे."

आई उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बरें. तर मग कापूं दे."

तंजावरच्या सर्जनना मी आधी एकटीने भेटून सांगितलं की सविस्तर काही बोलू नका, मी समजावलं आहे. त्यांनी डावा गाल काढला, खालचा अर्धा जबडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीवरचं मांस आणि कातडं वळवून आणून त्या भगदाडात शिवलं. तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी म्हणालात. ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. दुसऱ्यांदा तुम्ही प्रयत्न केला नाहीत, हाताने वही मागितलीत. नंतर चौदा महिने तुम्ही त्या वहीत बोललात. नाकातल्या नळीतून आई पातळ पेज सोडायची. रेडिएशनने लाळ आटली. आणि मग तोंडात केस उगवले. छातीचं कातडं ते, तोंडात नेऊन लावलं म्हणून ते आपलं काम विसरलं नाही. दर पंधरा दिवसांनी मी बारीक कात्रीने ते कापायची, तुम्ही डोळे मिटून बसायचात. पहिल्या वेळी तुम्ही वहीत लिहिलंत, "ज्याची जी जात. वर्गांत सांगण्यासारखें आहे." मी हसले. मग मोरीत जाऊन दार लावून घेतलं.

मानेत पुन्हा गाठ आली तेव्हा तुम्ही लिहिलंत, मजला माझी काच पाहावयाची आहे. मी टाळलं. तुम्ही रोज तेच वाक्य लिहायला लागलात, खाली नुसती तारीख बदलून. शेवटी एका सकाळी मी तुम्हाला रिक्षाने लॅबमध्ये आणलं. तुमची काच मी कपाटातून काढलीच नाही. पुण्याहून आणलेल्या माझ्या शिकण्याच्या पेटीत दुसऱ्या कुणाची तरी एक होती. आच्छादन बिघडलेलं, पण पडदा सलग, खडूच्या रेघेसारखा. ती मी लावली. तुम्ही मान तिरकी करून, मफलर सावरत, डोळा भिंगाला लावलात आणि स्क्रू स्वतः फिरवलात. तुमची बोटं अजून तरबेज होती. खूप वेळ बघितलंत. मी शेजारी उभी राहून म्हणाले, "बघा, आहे ना सलग?" तुम्ही डोळा न काढता वही पुढे ओढलीत आणि लिहिलंत, "सलग आहे. खालीं किती मऊ आहे."

मी ते वाचलं आणि तुमच्यानंतर भिंगाला डोळा लावला. पडदा सलग असलेली काच शोधताना खालचं मी बघितलंच नव्हतं. तिथे मोकळं, मऊ, निरोगी जाळं होतं. सुपारीला कधी शिवलेलं नसलेलं. दोन बोटांपलीकडे न उघडणाऱ्या तोंडातला गाल तो नव्हताच, आणि तुम्हाला ते एका नजरेत कळलं होतं. तुम्ही वहीतलं पान उलटलंत, टोपण लावलंत आणि रिक्षाकडे निघालात. त्यानंतर पडद्याबद्दल तुम्ही कधीच काही लिहिलं नाही. माझ्याकडे बघणं मात्र तसंच ठेवलंत, आणि ते मला त्या दोन दिवसांच्या अबोल्यापेक्षा जड गेलं.

पुस्तकं सांगतात की ऑपरेशन केलं नसतं तर गालातून बाहेर फुटलं असतं, वेदना अधिक झाल्या असत्या. ते खरं आहे. आज विणकराला मी तेच समजावलं. पण तुम्ही पुस्तकाला विचारलं नव्हतंत, मला विचारलं होतंत. आणि मी खोटं बोलले ते तुम्हाला वाचवायला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेही पूर्ण खरं नाही. आई दारात उभी होती आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही, इतकंच झालं होतं.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. आईला तर नाहीच. तिला वाटतं, सगळ्यांनी सगळं केलं.

आणखी एक राहिलं, तेवढं लिहून थांबते. शेवटच्या सोमवारी दुपारी आई देवळात गेली होती. तुम्हाला काही हवं असलं की तुम्ही चमच्याने स्टीलच्या पेल्यावर वाजवायचात. त्या दिवशी दोनदा वाजवलंत, मग थोड्या वेळाने एकदा. मी आले तेव्हा वही मांडीवर उघडी होती, पान कोरं होतं आणि तुम्हाला डोळा लागला होता. मी उठवलं नाही. संध्याकाळी ताप चढला, आणि नंतर तुम्ही पेन हातात धरलं नाहीत. त्यांनी वाजवलं होतं का, असं आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, मागच्या अंगणात होते, ऐकू आलं नाही.

मी शेजारच्या खोलीत होते, अप्पा. पहिल्या ठोक्यालाच ऐकू आलं होतं. माझी अर्धी कॉफी संपायची होती.